छपरावरची पट्टी

सकाळी साडेआठला फोन वाजला तो थोरलीनं पहिल्याच घंटेला उचलला. उचलणारच. कालच्या दुपारपासून ती त्या फोनला चिकटून बसली होती आणि रात्रभरात तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. पलीकडून चौकीवरचे साहेब बोलत होते. गाडी अजून आलेली नाही, ते म्हणाले.

गाडी म्हणजे थोरलीच्या नवऱ्याची फोर व्हील ड्राइव्ह. आदल्या दिवशी सकाळी सहाला तो इथून निघाला होता. मधे चारशे दहा किलोमीटर नुसतं खारं माळरान, ना पेट्रोलपंप, ना टपरी, ना फोनला रेंज. पलीकडच्या टोकाला साहेबांची चौकी. रमतगमत गेला तरी दुपारी दोनपर्यंत त्यानं तिथं पोचायला हवं होतं. संध्याकाळी साहेब म्हणाले होते, कुठं टायर बदलत बसला असेल, सकाळपर्यंत वाट बघू. आता सकाळ झाली होती आणि साहेबांच्या आवाजातला कालचा निवांतपणा गेला होता.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. चौकीवर गाडी एकच. दुपारी बाराला धुळीचं वादळ येणार असा इशारा आला आहे, तेव्हा फाटक बंद होईल आणि मग दोन दिवस कुणी बाहेर पडणार नाही. म्हणजे गाडी पाठवायची ती आत्ता आणि एकाच ठिकाणी. एक तर चौकीकडून सरळ रस्त्यानं उलटं यायचं, डांबर धरून. नाहीतर थेट दोनशे चाळीसाव्या किलोमीटरला फुटणारी जुन्या खाणीची वाट गाठायची आणि ती धुंडाळायची. दोन्ही जमणार नाही. आणि तुमच्या बाजूनं कुणी निघालं तर वादळाआधी निम्म्यातही पोचणार नाही.

"मिस्त्रींना विचारा," साहेब म्हणाले. "गाडी त्यांनीच तयार केलीय. तेल कुठवर पुरलं असेल ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार? दहा मिनिटांत परत फोन करतो. ते म्हणतील तिकडं गाडी जाईल."

थोरलीनं फोन ठेवला. गेल्या वर्षी याच माळावर एक ट्रकवाला गाडी सोडून चालत निघाला होता. तो चौथ्या दिवशी सापडला. कसा सापडला, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं आणि आता तर तिला ते कुणी सांगायलाही नको होतं.

मिस्त्री म्हणजे तिचे वडील. गॅरेज त्यांचं, आणि गॅरेजपेक्षा मोठं नाव त्यांच्या कानाचं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते सांगत, मागचं डावं बेअरिंग बोलतंय, आज नाही बदललंस तर परवा चाक हातात येईल. आणि परवा चाक हातात यायचं. एकदा या चौकीवाल्या साहेबांनी चारशे किलोमीटरवरून फोन बॉनेटपाशी धरला होता आणि मिस्त्रींनी खुर्चीतून न उठता कुठला वॉल्व्ह ढिला आहे ते सांगितलं होतं. तेव्हापासून साहेब मिस्त्रींचे भक्तच झाले. गॅरेजचा कायदाही त्या कानावरच चालायचा. कुठलंही काम झालं की मिस्त्री गाडीत बसून डोळे मिटणार, ऐकणार, आणि म्हणणार, "गप्प झाली." मग बाकीच्यांनी म्हणायचं, झाली गप्प. एवढं झालं की गाडी मालकाच्या ताब्यात. तीस वर्षांत त्या दोन शब्दांवर कुणी ब्र काढला नव्हता.

आता त्या पट्टीचं ऐका, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

थोरलीच्या नवऱ्याचं काम वारा मोजायचं. माळावर जागोजागी उंच खांब उभे करायचे, वर फिरक्या बसवायच्या, आकडे उतरवायचे. म्हणजे गाडीच्या छपरावर बारा फुटी पाइप, शिडी, दोऱ्यांची भेंडोळी, दोन पेट्या, सगळा संसार. ज्याचा धंदा वारा मोजायचा त्यालाच वारा मागं ओढायचा, त्यामुळे गॅरेजातला रंगारी त्याची फार टिंगल करायचा. छपरावर एवढं सामान घेऊन समोरच्या वाऱ्यात गाडी हाकली की तेल नळ उघडा टाकल्यासारखं जातं. तीन आठवड्यांपूर्वी जावयानं हे सासऱ्यांच्या कानावर घातलं, आणि मिस्त्रींना चेव चढला.

त्यांनी पत्रा वाकवून एक रुंद पट्टी केली आणि छपराच्या पन्हळीला चार नटांनी कॅरिअरच्या पुढ्यात बसवली. वारा त्या उतारावरून चढावा आणि सामानाच्या वरून निघून जावा, हा हिशोब. हिशोब बरोबरच होता. पट्टी नीट आडवी कललेली असती तर कामही झालं असतं. पण किती कलवायची हे मिस्त्री ठरवणार कशानं? कानानं.

सहाजण बसतील अशा त्या गाडीत तिघंच बसले होते, नवरा चालवायला, मिस्त्री शेजारी, थोरली मागं. गाडी नव्वदला नेली की छपरावरून घोंऽ घोंऽ असा जाड आवाज यायचा. मिस्त्री हात वर करायचे, गाडी थांबायची, ते उतरून पट्टी दोन बोटं उभी करायचे, पुन्हा नव्वद. प्रत्येक खेपेला आवाज थोडा बारीक व्हायचा. सहाव्या खेपेला पट्टी जवळजवळ भिंतीसारखी उभी राहिली होती आणि घोंघाट पार गेला होता. त्याच्या जागी एक अशी चिरकी, सुईसारखी शिट्टी लागली की थोरलीचे दात आंबले. आणि त्या शिट्टीत मिस्त्री डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

"गप्प झाली," ते म्हणाले.

नवऱ्यानं आरशातून थोरलीकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, की बाबांना बारीक आवाज येत नाहीत. आईनं काही न बोलता दारावरची चिमणीसारखी वाजणारी बेल काढून जाड घंटा बसवली होती, फोनचीही घंटा बदलली होती. गॅरेजात रंगारी गुपचूप इंजिनच्या बेल्टांची किरकिर आधीच तपासून ठेवायचा, म्हणजे मिस्त्रींच्या हातून काही निसटायला नको. कुणी ठरवून केलं नव्हतं, आपोआप होत गेलं. माणसावर जीव असला की असल्या गोष्टी होतात, आणि त्यात आपण काही वाईट करतोय असं कुणाच्या मनालाही शिवत नाही.

"झाली, मामा," नवरा म्हणाला.

"झाली गप्प, बाबा," थोरली म्हणाली.

त्या रात्री नवरा म्हणाला होता की वाटेत कुठं थांबून पट्टी हळूच खाली कलवून घेईन. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हौसेनं पट्टीच्या कोनावर वेल्डिंगचे दोन टाके मारून ठेवले, कायमचं काम म्हणून. आता चार नट खोलून पट्टी अख्खी काढता आली असती, कलवता आली नसती. आणि परवा, निघायच्या आदल्या दिवशी, छपरावरचे जादा तेलाचे दोन्ही कॅनही त्यांनीच उतरवायला लावले. आता कशाला हवेत, उगाच वारा अडवतील. नवरा काही बोलला नाही. थोरलीही तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

आणि तिला तर जास्त माहीत होतं. पट्टी बसवल्यावर एकदा ती स्वतः गाडी घेऊन गेली होती, शहाण्णव किलोमीटर. परत आल्यावर टाकी भरली तेव्हा पंपाच्या काट्यावर बारा-तेराऐवजी अठरा लिटर आलं. तिनं तो आकडा पाहिला, दोनदा पाहिला, आणि पंपावरच्या माणसानं गळ्यापर्यंत भरलं असेल अशी स्वतःची समजूत घातली. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

मिस्त्री शेडमध्ये होते. रात्रभर तेही झोपले नव्हते, दाढीचे पांढरे खुंट वर आले होते. थोरलीनं साहेबांचा निरोप त्यांना समोर उभं राहून, ओठ दिसतील अशी, सांगितला. तीही आता सवय झाली होती. त्यांनी खडू घेतला आणि शेडच्या लोखंडी दारावर आकडे मांडले. शंभर किलोमीटरला तेरा लिटर. चारशे दहाला झाले त्रेपन्न. टाकी त्रेसष्टची. दहा लिटर शिल्लक.

"तेल संपलेलं नाही," ते म्हणाले. "शक्यच नाही. काल वारा समोरून होता, म्हणून त्यानं खाणीची वाट धरली असणार. तिकडं टेकडीचा आडोसा मिळतो. आणि मधल्या खारवटात गाडी बसली असणार. साहेबांना सांगायचं, खाणीची वाट."

रंगारी हातात फडकं घेऊन उभा होता, त्यानं मान खाली घातली. वेल्डरनं विनाकारण हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. त्या तेरा लिटरवर कुणाचा विश्वास नव्हता. पण मिस्त्रींनी गप्प झाली म्हटलेल्या गाडीचा तो आकडा होता.

थोरली तिथून बाहेर पडली आणि धुण्याच्या दगडापाशी जाऊन नळाखाली तोंड धरलं. साहेबांची गाडी खाणीच्या वाटेला गेली तर दिवस तिकडं संपणार. आणि नवरा जर सरळ रस्त्यावर, चौकीपासून तास-दीड तासावर, रिकाम्या टाकीनं उभा असेल, तर वादळ त्याच्या डोक्यावर येईपर्यंत तिथं कुणी फिरकणार नाही. त्याच्याजवळ पाच लिटर पाणी होतं. तेही कालचं.

आई मागून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं.

"त्यांना आत्ता नको सांगू," आई म्हणाली. "साहेबांना तू परस्पर सांग, फोनवर, हळूच. त्यांना कळायला नको. ते मोडून पडतील ग."

थोरलीच्याही मनात तेच आलं होतं, आणि तेवढ्याचीच तिला भीती वाटली. कारण साहेब परस्पर कुणाचं ऐकणार नव्हते. त्यांनी मिस्त्रींचा शब्द मागितला होता. बायकोच्या जिवाची घालमेल म्हणून ते समजुतीचे दोन शब्द बोलले असते आणि गाडी खाणीकडं धाडली असती. दुसरं म्हणजे, परस्पर, हळूच, त्यांना कळायला नको, असं करतच तर इथवर आलो होतो.

"आई," ती म्हणाली, "तुझा माणूस मोडून पडेल म्हणतेस. माझा मरेल."

आईचा हात आपोआप सुटला.

थोरली शेडमध्ये परत आली. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं गेलेली होती. तिनं वडिलांपुढं उभं राहून एका दमात सांगायला सुरुवात केली आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार अवघड गेलं. आधी ती अठरा लिटरचं बोलली. मिस्त्रींनी हात झटकला, पंपवाले चोर असतात. मग ती म्हणाली पट्टी फार उभी आहे, वारा वर चढत नाही, थडकतो. त्यावर ते चिडले. तीस वर्षं गाड्या बघतोय, मला शिकवू नकोस, उभी असती तर ओरडली असती, मी स्वतः बसलो होतो गाडीत.

"ओरडत होती, बाबा."

"काय?"

"ओरडत होती. शिट्टी होती. माझे दात आंबले एवढी बारीक शिट्टी. तुम्हाला आली नाही."

मिस्त्रींनी रंगाऱ्याकडं पाहिलं, मग वेल्डरकडं. दोघांनीही नजर चुकवली. मिस्त्री हसले, पण ते हसू बरोबर लागलं नाही.

"नवऱ्याची काळजी आहे, समजतो मी," ते म्हणाले. "पण म्हणून वाटेल ते बोलायचं?"

थोरलीनं आजूबाजूला पाहिलं. पटवायला आता जेमतेम तीन मिनिटं होती आणि बोलून काही होणार नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की मघापासून आपल्याला कशाचा तरी त्रास होतोय. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर हवा भरून बंद झाला होता आणि त्याच्या रबरी नळीतून हवा सुटत होती, सीऽऽ करून, सारखी. वेल्डरला ऐकू येत होतं, रंगाऱ्याला येत होतं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईलाही येत होतं. मिस्त्री त्या नळीपासून चार पावलांवर उभे होते. एरवी त्यांच्या गॅरेजात नळी गळत राहिली असती तर त्यांनी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं.

"बाबा, आत्ता या शेडमध्ये एक नळी गळतेय," ती म्हणाली. "कुठली, सांगा."

मिस्त्रींनी मान थोडी कलती केली, गाडी ऐकताना करायचे तशी. डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडं बघत होते. थोरलीला वाटलं, देवा, येऊ दे यांना ऐकू, एवढं एकदा येऊ दे, मी खोटी ठरले तरी चालेल. खरंच वाटलं तिला तसं, नवरा तिकडं माळावर पडलेला असताना.

मग मिस्त्रींनी डोळे उघडले आणि ते नळ्यांकडं न बघता माणसांच्या चेहऱ्यांकडं बघू लागले, एकेकाच्या. नळी कुठली ते त्यांना कळलं नाही. बाकीचं सगळं कळलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"त्यालाही?"

"त्यालाही."

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. ते मोडून पडले नाहीत, संतापले. "माझ्यावर दया करत होता तुम्ही?" ते म्हणाले. "आणि मी तुमच्यासमोर डोळे मिटून बसत होतो. माकड केलंत माझं. आणि आता तो पोरगा तिकडं..." हातातला खडू मोडला होता, तो त्यांनी दारापाशी टाकला.

फोन वाजला, आईनं बसवलेल्या जाड घंटेनं. मिस्त्रींनी त्या घंटेकडं पाहिलं, मग आईकडं, आणि त्यांना तेही समजलं. आईनं पदर तोंडाला लावला. ते ऑफिसात गेले, थोरली मागोमाग. त्यांनी फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाला बोलूच दिलं नाही.

"साहेब, मी मिस्त्री. माझा आकडा चुकलाय. मी बसवलेली पट्टी चुकीची आहे, मला ऐकू आलं नाही. मला बारीक ऐकू येत नाही, साहेब, दोन वर्षं झाली. माझी लेक सांगते ते ऐका आणि तिचंच ऐका."

एवढं एका श्वासात म्हणून त्यांनी फोन थोरलीच्या हातात दिला. थोरली म्हणाली, शंभराला वीस लिटर धरा, समोरचा वारा होता. म्हणजे तेल तीनशेपंधराला संपतं. त्याला वाटेत कळलं असेल आणि त्यानं जपून चालवली असेल तर साडेतीनशे. सरळ रस्ताच धरा, साहेब, चौकीकडून उलटं या, शंभर किलोमीटरच्या आत तो आहे. खाणीकडं तो जाणार नाही, तेल कमी पडतंय दिसल्यावर वाट वाकडी करणाऱ्यातला तो नाही. साहेबांनी एकच विचारलं, नक्की का. ती म्हणाली, नक्की. फोन ठेवून ती टेबलावरच बसली.

कारण नक्की कसलं. शहाण्णव किलोमीटरचा एक आकडा आणि नवऱ्याचा स्वभाव, एवढ्या भांडवलावर तिनं एकुलती एक गाडी एका बाजूला पाठवली होती. तो खरंच खाणीच्या वाटेला गेला असेल तर? बाबांचं तीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. त्यांना भर शेडमध्ये उघडं पाडून आपणच चुकलो असलो तर नवराही गेला आणि बापही. ती घड्याळाकडं बघत राहिली. नऊ झाले, साडेनऊ झाले. बाहेर वाऱ्यानं पत्रे वाजायला लागले होते.

रंगारी चहा घेऊन आला, तो कुणी घेतला नाही. वेल्डर एका जीपखाली शिरला आणि तिथून त्याचा काही आवाज आला नाही. शेडमध्ये मिस्त्री कॉम्प्रेसरपाशी उकिडवे बसले होते. ते नळीवरून ओली बोटं फिरवत होते, वीतवीत पुढं सरकत. एके ठिकाणी हवा बोटाला लागली तशी त्यांनी तिथं खडूनं खूण केली आणि चिकटपट्टी गुंडाळली. मग बोट परत लावून पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. थोरलीला ऑफिसच्या काचेतून ते दिसत होतं आणि रडू आवरत नव्हतं.

सव्वादहाला फोन वाजला.

साहेब ओरडूनच बोलत होते, त्यांच्या मागं वायरलेसची खरखर चालली होती. सापडला, ते म्हणाले. तीनशे बावन्नाव्या किलोमीटरला, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या सावलीत. ओठ फुटलेत, पाय सुजलेत, पण शुद्धीवर आहे, आमच्या लोकांनी पाणी दिलंय. थोरलीनं एक हात भिंतीला लावला. दारात आई, रंगारी, वेल्डर येऊन उभे राहिले होते. तिनं त्यांच्याकडं बघून नुसती मान हलवली. आई मटकन खाली बसली.

साहेबांचं अजून संपलं नव्हतं. त्यांना एका गोष्टीची मोठी गंमत वाटत होती. दीडशे किलोमीटरलाच काटा निम्म्यावर आलेला पाहून या माणसानं गाडी थांबवली, पेट्या, दोऱ्या आत कोंबल्या, पाइप आणि शिडी रस्त्याकडेला दगडाखाली दाबून ठेवली, बारा नट खोलून अख्खं कॅरिअर एकट्यानं उतरवलं आणि तेही तिथंच सोडलं. मग साठच्या वर गाडी नेली नाही. "म्हणून एवढा लांब आला," साहेब म्हणाले. "पण माझी माणसं विचारतायत, छपरावर एक पत्र्याची पट्टी तेवढी उभी आहे. मोकळ्या छपरावर नुसती पट्टी. ती कशाला ठेवलीय?"

थोरलीनं डोळे मिटले. बारा नटांचं कॅरिअर खोललं त्यानं, आणि चार नटांची पट्टी सोडली. तिथं माळावर, कुणी बघायला नसताना, मरायची पाळी आलेली असताना, सासऱ्यांच्या कामाला त्यानं पाना लावला नव्हता.

मिस्त्री ऑफिसात आले होते. तिनं त्यांना सगळं मोठ्यानं सांगितलं, पट्टीसकट. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. मग हात पुढं केला. साहेबांनी पलीकडं वायरलेस फोनला लावून धरला होता. मिस्त्रींनी फोन कानाला लावला.

"जावईबापू," ते म्हणाले आणि थांबले.

फोनमधून नवऱ्याचा आवाज येत होता, बसलेला, खरखरीत, पण त्याचाच. शेजारी उभ्या असलेल्या थोरलीला शब्द न् शब्द कळत होता. मामा, तो म्हणत होता, तुमच्या पट्टीचं काही नाही, पट्टी झकास आहे. एकदम गप्प. मीच गाडी दामटली, चूक माझी. मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला, थोडं ऐकलं, आणि मग तो थोरलीपुढं धरला.

"मला कळत नाही," ते म्हणाले. "काय म्हणतोय तो?"

बरा आहे, काळजी करू नका म्हणतोय, हे शब्द सवयीनं तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिनं ते गिळले.

"खोटं बोलतोय, बाबा," ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "पट्टी चांगली आहे म्हणतोय."

मिस्त्रींनी फोन परत तोंडाशी धरला.

"जावईबापू, आधी पोटभर पाणी प्या," ते म्हणाले. "मग पाना घ्या आणि ती पट्टी काढून फेका. आणि घरी आल्यावर माझ्याशी जरा मोठ्यानं बोलत जा. मला ऐकू येत नाही."